गोड वासाचा रस्ता

आमच्या सांगलीच्या घरी आजीची एक लाकडी पेटी होती. पेटीत तळाशी, जुन्या पैठणीच्या काठाखाली, एक फोटो असायचा. चौकोनी फोटो, भोवती पांढरी चौकट. पण ही चौकट तीन बाजूंनी बारीक आणि खालच्या बाजूला मात्र चांगली रुंद! असा फोटो मी दुसऱ्या कुणाच्याच घरी पाहिला नव्हता. फोटोत माझी आत्या, साडीवर जाडजूड कोट घातलेली. शेजारी आतोबा, कल्ले पार कानाच्या पाळीखाली उतरलेले. आत्याच्या हातात मेणकागदात गुंडाळलेली एक नळकांडी आणि दोघांच्या मागे फिक्या विटांची भलीमोठी इमारत. खालच्या पांढऱ्या पट्टीवर आत्याचं अक्षर : ‘केंब्रिज, ऑक्टोबर १९७६. पाच मिनिटांत फोटो!’

आजी हा फोटो आल्यागेल्याला दाखवायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "पाच मिनिटांत? काहीतरीच बाई!" त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. तेव्हा फोटो म्हणजे स्टुडिओत जायचं, भांग पाडून न हलता उभं राहायचं आणि आठ दिवसांनी पावती दाखवून पाकीट घेऊन यायचं. आजीला तरी ते कितपत पटलं होतं कोण जाणे. पण आपली लेक खोटं लिहिणार नाही, एवढ्या एका मुद्द्यावर ती काकूंशी भांडायची.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मी आत्याकडे अमेरिकेला गेले, तेव्हा तो फोटो एका वहीच्या पानांत ठेवून बरोबर नेला. आतोबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मला वाटलं, आत्याला रडू येईल. तिनं चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "अगंबाई! नेकोचं पाकीट होतं होय माझ्या हातात!"

मग ती उठली आणि कपाटातून एक चपटी, चामडं लावलेली वस्तू घेऊन आली. दिसायला मोठ्या कंपासपेटीसारखी. वरचा भाग धरून ओढल्याबरोबर खट्‌ आवाज झाला आणि त्या चपट्या वस्तूचा तंबूसारखा उभा कॅमेरा झाला. "आपण परत काढू या फोटो," आत्या म्हणाली. "तिथंच. ह्याच कॅमेऱ्यानं."

आत्याची नात तेरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. ती म्हणाली, "आजी, पण ह्याची फिल्म कुठे मिळणार? ती कंपनी तर बंद झाली ना?"

झाली होती. आणि पुन्हा सुरूही झाली होती. दोस्तांनो, त्या दिवशी आम्ही जो फेरफटका मारला, त्यात अशा मेलेल्या आणि जिवंत झालेल्या बऱ्याच गोष्टी भेटल्या. तेच तुम्हांला सांगायचं आहे.

बोस्टन हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. चार्ल्स नदीच्या अलीकडे बोस्टन, पलीकडे केंब्रिज. (इंग्लंडातलं केंब्रिज वेगळं बरं का! त्याच्यावरूनच ह्याचं नाव ठेवलं.) हार्वर्ड विद्यापीठ आणि एमआयटी ह्या दोन्ही जगप्रसिद्ध संस्था ह्याच गावात. त्यामुळे केंब्रिज म्हटलं की चष्मेवाले प्राध्यापक आणि पाठीवर पिशव्या अडकवलेले विद्यार्थी डोळ्यांसमोर येतात. पण हे गाव एके काळी चॉकलेट-गोळ्यांचंही गाव होतं, हे किती जणांना ठाऊक असेल? दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला एकट्या केंब्रिजमध्ये गोळ्या-चॉकलेटं बनवणारे साठाहून अधिक कारखाने होते. बंदरात जहाजांनी साखर यायची, माल न्यायला रेल्वे दाराशी होती आणि आयर्लंड, इटली, पोर्तुगालहून आलेली कष्टाळू माणसं कामाला मिळायची. अंजिराचं सारण भरलेलं ‘फिग न्यूटन’ नावाचं बिस्किट अमेरिकेत घरोघरी खातात, तेही १८९१ साली इथंच जन्मलं. त्याचं नाव शास्त्रज्ञ न्यूटनवरून नाही हं, शेजारच्या न्यूटन गावावरून!

आम्ही भुयारी रेल्वेनं सेंट्रल स्क्वेअर स्टेशनावर उतरलो. चांगलीच थंडी होती. झाडांची पानं लाल-पिवळी झालेली. आत्या कॅमेरा पोटाशी धरून चालत होती, जणू काही त्यालाच थंडी वाजेल. थोडं पुढे मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूला डावीकडे मेन स्ट्रीटचा फाटा फुटतो. त्या फाट्याला लागलो आणि नात एकदम थांबली. "तुला वास आला?"

पुदिन्याचा वास! थंड हवेत स्पष्ट, गोड, नाकाला गार करणारा. रस्त्यालगतच्या एका साध्याशा, पाटीसुद्धा धड न दिसणाऱ्या इमारतीतून तो येत होता. इथं ‘ज्युनिअर मिंट्स’ बनतात. बाहेरून चॉकलेट, आत पुदिन्याचा मऊ गर. १९४९ साली ह्या गोळ्या पहिल्यांदा बाजारात आल्या. नंतर कंपनी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, १९९३ साली टूट्सी रोल ह्या मोठ्या कंपनीकडे आली. पण कारखाना मात्र जागचा हलला नाही. साठ-पासष्टांतला हाच एक मोठा कारखाना आता गावात उरला आहे.

"हा एकच वास राहिला," आत्या म्हणाली. "आमच्या वेळी रोज वेगळा वास असायचा. तुझे आजोबा एमआयटीच्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस काम करायचे. तिथली खिडकी उघडली की नेकोच्या कारखान्याचा वास आत. आज लवंग, उद्या चॉकलेट, परवा दालचिनी. घरी आले की मी कोटाचा वास घेऊन सांगायची, आज कसला घाणा होता ते."

मेन स्ट्रीटवर आणखी थोडं पुढे विटांची एक लांबलचक जुनी इमारत आहे. वरवर पाहिलं तर काही विशेष नाही. पण हिच्याइतकी नशीबवान इमारत मी तरी पाहिलेली नाही. आधी इथं रेल्वेचे डबे बनायचे. मग ९ ऑक्टोबर १८७६ ला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा मदतनीस वॉटसन ह्या ठिकाणी तारेचं टोक धरून बसला आणि नदीपलीकडे बोस्टनमध्ये बसलेल्या बेलशी टेलिफोनवर बोलला. दोन गावांत बसून दोन माणसांनी तारेवरून एकमेकांशी बोलण्याची ती पहिली वेळ. आत्याच्या फोटोच्या बरोबर शंभर वर्षं आधी, तेही ऑक्टोबरमध्येच! आणि पुढे ह्याच इमारतीत एडविन लँड ह्या संशोधकाची प्रयोगशाळा होती. आमच्या हातातल्या कॅमेऱ्याचा बाप तो हाच.

लँडची गोष्ट मजेदार आहे. हार्वर्डचं शिक्षण त्यानं अर्धवट सोडलं. प्रकाशाची तिरीप गाळून घेणारा पारदर्शक पडदा त्यानं शोधून काढला आणि १९३७ साली केंब्रिजमध्ये पोलरॉइड नावाची कंपनी काढली. १९४३ साली सुट्टीवर असताना त्यानं आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. मुलीनं विचारलं, "मला आत्ताच का नाही दिसत तो?" एखाद्यानं "गप्प बस" म्हटलं असतं. लँड फिरायला गेला आणि चालता चालता त्यावर विचार करत राहिला. पाच वर्षांनी, १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये, बोस्टनच्या एका मोठ्या दुकानात झटपट फोटोचा पहिला कॅमेरा विकायला ठेवला. पहिल्याच दिवशी सगळे कॅमेरे संपले.

ते सुरुवातीचे फोटो तपकिरी असत आणि वरचा कागद सोलून काढावा लागे. १९७२ साली मात्र लँडनं कमाल केली. एसएक्स-७० हा घडीचा कॅमेरा आला. बटण दाबलं की घर्रर्र आवाज करत फोटो कॅमेऱ्याच्या तोंडातून बाहेर येतो आणि तुमच्या हातात, तुमच्या डोळ्यांदेखत, त्यात रंग भरत जातात. आत्याचा कॅमेरा तोच.

आणि आता त्या रुंद पट्टीचं कोडं. लहानपणापासून मला वाटायचं की ती पट्टी नाव-गाव लिहायला ठेवली आहे. तसं नाही! त्या पट्टीच्या आत रसायनांची पातळ पुडी दडलेली असते. फोटो बाहेर येताना दोन रुळांमधून दाबून निघतो, अगदी उसाच्या चरकातून निघावा तसा. पुडी फुटते आणि आतलं रसायन फोटोच्या थरांमध्ये सारखं पसरतं. म्हणजे फोटो धुण्याची सगळी अंधारखोली त्या चौकोनी तुकड्यातच! एवढंच नाही, कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी नसते, तीही फिल्मच्या पुड्यातच येते. म्हणून फिल्म मिळाली नाही तर हा कॅमेरा म्हणजे नुसता कागद दाबून ठेवायचा दगड.

तीच वेळ आली. डिजिटल कॅमेरे आले, २००१ साली पोलरॉइडचं दिवाळं वाजलं आणि २००८ साली फिल्म बनवणं कायमचं बंद होत असल्याचं जाहीर झालं. आतोबांनी तेव्हा दुकानातून मिळाले तेवढे पुडे आणून ठेवले होते. तेही संपले.

पण त्या वर्षी नेदरलँड्समधल्या एन्स्केडे गावात, पोलरॉइडच्या बंद पडणाऱ्या कारखान्यात, फ्लोरियान काप्स नावाचा ह्या फोटोंचा वेडा आणि आंद्रे बोसमन नावाचा तिथला अभियंता अशी दोन माणसं भेटली. त्यांनी भंगारात निघणारी यंत्रं विकत घेतली, कारखान्यातले मोजके जुने कामगार जमवले आणि आपल्या उद्योगाला नाव दिलं ‘इम्पॉसिबल’. अशक्य! यंत्रं होती, पण रसायनं पुरवणारे कारखाने केव्हाच बंद झालेले. म्हणजे घरात कढई आहे, झारा आहे, पण बेसनच जगातून नाहीसं झालेलं, आणि तरी भजी करायची. सगळी कृती नव्यानं शोधावी लागली. २०१० साली त्यांची पहिली फिल्म आली, तीही रंगीत नव्हे. सुरुवातीचे फोटो डागाळायचे, पिवळे पडायचे. हळूहळू जमत गेलं. २०१७ साली पोलरॉइड हे नावही त्यांना मिळालं आणि २०२० पासून फिल्मच्या खोक्यावर नुसतं ‘पोलरॉइड’ असं लिहून येऊ लागलं.

नातीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हे पोलरॉइड खरं नाहीच. गाव वेगळं, माणसं वेगळी, केमिकल्स वेगळी. फक्त नाव तेच."

"आणि यंत्रं," मी म्हटलं.

"ओके. नाव आणि यंत्रं."

आत्या काही बोलली नाही. तिनं खोकं उघडून पुडा कॅमेऱ्यात सरकवला. आत आठच फोटो. एकेक फोटो दोन डॉलरहून महाग! लँडच्या प्रयोगशाळेसमोरच पहिला फोटो काढायची नातीला हौस आली. मी आणि आत्या भिंतीपाशी उभ्या राहिलो. घर्रर्र! फोटो आला. नातीनं तो बाकावर ठेवला आणि आम्ही तिघी त्याच्यावर वाकून बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक निळसर धुकं दिसलं, त्यात दोन निळसर भुतं.

चूक आमचीच होती. खोक्यावर लिहिलेलं होतं की फोटो लगेच उजेडापासून झाका, आणि तेरा अंशांपेक्षा जास्त थंडी असेल तर उबेत ठेवा. आम्ही तो उघड्या वाऱ्यावर दगडी बाकावर वाळत घातला होता! आत्यानं तो फोटोही टाकून दिला नाही. पर्समध्ये ठेवला. उरले सात.

दोन गल्ल्या ओलांडून आम्ही पुन्हा मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवर आलो. ती फिक्या विटांची इमारत लांबूनच ओळखू आली. खिडक्यांच्या रांगाच रांगा. १९२७ साली ही बांधून झाली तेव्हा जगातला सगळ्यात मोठा गोळ्यांचा कारखाना अशी हिची ख्याती होती. न्यू इंग्लंड कन्फेक्शनरी कंपनी हे लांबलचक नाव, त्याची आद्याक्षरं घेऊन झालं नेको.

नेकोची प्रसिद्ध वस्तू म्हणजे ‘नेको वेफर्स’. आता वेफर्स म्हटलं की तुमच्या तोंडाला बटाट्याचे वेफर्स आठवून पाणी सुटेल, म्हणून आपण त्यांना चकत्या म्हणू या. जुन्या रुपयाएवढ्या, पातळ, खडूसारख्या कोरड्या साखरेच्या चकत्या. आठ रंग, आठ चवी, सगळ्या एकावर एक रचून मेणकागदात गुंडाळलेल्या. ऑलिव्हर चेस हा इंग्लंडहून बोस्टनला आलेला औषधविक्या. त्या वेळी घशासाठी औषधी वड्या हातानं लाटून, हातानं कापत. चेसनं १८४७ साली वड्या कापायचं हातानं फिरवायचं यंत्र बनवलं. साखर, डिंक आणि अर्क मळायचे, लाटायचे, कापायचे आणि वाळवायचे. अमेरिकेतलं गोळ्या करायचं पहिलं यंत्र ते हेच म्हणतात. औषधाच्या वड्या हळूहळू खाऊच्या चकत्या झाल्या. त्या वितळत नाहीत, विटत नाहीत, म्हणून अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांच्या खिशात गेल्या. १९१३ साली मॅकमिलन हा संशोधक उत्तर ध्रुवाकडे निघाला तेव्हा त्यानं तिथल्या मुलांना वाटायला त्या नेल्या. पुढे ॲडमिरल बर्डनं दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर म्हणे अडीच टन नेल्या!

आत्यानं आदल्या दिवशी दुकानातून आणलेलं नेकोचं पाकीट फोडलं. मी गुलाबी चकती तोंडात टाकली आणि मला आमच्या घरातलं गुडघ्याला चोळायचं मलम आठवलं! तोच वास. त्याला विंटरग्रीन म्हणतात. जांभळी होती लवंगेची, पांढरी दालचिनीची. काळी चकती नातीनं चाखली आणि चक्क हातात काढली. "हा खडू आहे! काळा खडू!" ती ज्येष्ठमधाची होती. "अगं, आजीच्या बटव्यातल्याच सगळ्या वस्तू आहेत ह्या," आत्या म्हणाली. "लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध. मला म्हणून तर आवडायच्या. आल्या आल्या इथलं काहीच ओळखीचं लागायचं नाही जिभेला. ह्या लागल्या."

खरं सांगायचं तर बऱ्याच अमेरिकन माणसांनाही ह्या चकत्या खडूसारख्याच लागतात. पण त्यात बदल केलेलाही त्यांना खपत नाही! २००९ साली कंपनीनं कृत्रिम रंग काढून नैसर्गिक रंग घातले. तब्येतीला चांगलेच की. पण लिंबाच्या जातीची हिरवी चकती त्यात गेली, बाकीच्यांचे रंग फिके पडले, आणि विक्री एक तृतीयांशाहून जास्त घसरली. २०११ मध्ये निमूटपणे जुनी कृती परत आणावी लागली. मला वाटतं, कित्येकांना त्या खायच्या नसतातच. दुकानात गेल्यावर फळीवर दिसायला हव्या असतात, बस्स.

२००३ साली कारखाना इथून जवळच्या रिव्हिअर गावी गेला आणि ह्या इमारतीत औषधांवर संशोधन करणारी नोव्हार्टिस कंपनी आली. गच्चीवर पाण्याची मोठी टाकी आहे. ती कारखान्याच्या काळात नेकोच्या पाकिटासारखी रंगीत पट्ट्यांची होती. नव्या मंडळींनी तिच्यावर डीएनएचा गोफ रंगवला. औषधाच्या वडीपासून सुरू झालेला धंदा खाऊकडे गेला आणि त्याच्या इमारतीत पुन्हा औषधच आलं, ही गंमत आहे की नाही?

रिव्हिअरची हकीगत मात्र गंमतीची नाही. २०१८ च्या मार्चमध्ये बातमी आली की गिऱ्हाईक मिळालं नाही तर नेको बंद होणार. झालं! देशभर लोकांनी चकत्यांचे साठे करायला सुरुवात केली. फ्लोरिडातल्या एका बाईनं तर गोळ्या विकणाऱ्या एका दुकानाला सगळ्या साठ्याच्या बदल्यात स्वतःची जुनी मोटार देऊ केली. कंपनीचा लिलाव झाला, नवा मालक आला, दोन महिन्यांत त्यानंही ती विकली, आणि २४ जुलै २०१८ ला कारखाना अचानक बंद झाला. सुमारे २३० माणसांचं काम गेलं. आत्याच्या ओळखीची एक हैतीहून आलेली बाई तिथं पाकिटं भरायला होती. सकाळी डबा घेऊन गेलेली ती दुपारी घरी परत आली.

ओहायो राज्यातल्या ब्रायन गावच्या स्पँगलर कंपनीनं चकत्यांचं नाव, कृती आणि यंत्रं घेतली. १९०६ साली सुरू झालेली ही जुनी मंडळी. पण यंत्रं सोडवून नेऊन पुन्हा चालती करायला वेळ लागला. नेकोची ‘स्वीटहार्ट्स’ नावाची बदामाच्या आकाराची गोळी असते, तिच्यावर दोन-तीन शब्दांचा निरोप छापलेला. १४ फेब्रुवारीला अमेरिकेतली मुलं त्या वर्गात वाटतात. २०१९ साली त्या नव्हत्याच. २०२० मध्ये आल्या, पण छापायचं यंत्र रुसलेलं, त्यामुळे कित्येक गोळ्या कोऱ्या! पुढे २०२४ मध्ये ह्याच कंपनीनं मुद्दाम पुसट छापलेल्या गोळ्या विकायला काढल्या. ज्यांना आपण मित्र आहोत की आणखी कोणी, हेच धड ठरवता येत नाही, अशांसाठी म्हणे! चकत्या मात्र २०२० च्या उन्हाळ्यात परतल्या. आठही चवी तशाच.

नेकोचं ‘स्काय बार’ नावाचं चॉकलेटही होतं, चार कप्प्यांत चार वेगवेगळ्या गरांचं. ते घेतलं बोस्टनपासून तासाभरावरच्या सडबरी गावातल्या एका दुकानाच्या मालकीणबाईंनी. त्यांचं दुकान भेटवस्तूंचं. चॉकलेट करण्याचा काडीचा अनुभव नव्हता. लिलावात नाव घेतलं आणि दुकानाशेजारी छोटा कारखाना उभारला!

आपल्याकडे मालेगावजवळच्या रावळगावच्या गोळ्या आठवतात का, असं आई-बाबांना विचारून बघा. ‘पान पसंद’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल. वालचंद हिराचंदांच्या साखर कारखान्यात १९४२ पासून त्या होत असत. २०२४ साली ते नाव आणि कृती रिलायन्सच्या कंपनीनं २७ कोटींना घेतली. नुसत्या नावाला आणि चवीला एवढे पैसे!

नातीचं मघाचं गणित अजून सुटलं नव्हतं. "पोलरॉइडची केमिकल्स नवी, नेकोची रेसिपी जुनी. पण दोन्हीकडे माणसं गेली. मग खरं कोणतं परत आलं?"

"मी घरी मेतकूट करते ते कुठलं?" आत्यानं विचारलं.

"पणजीचं. सांगलीचं."

"डाळ कॅनडाची, गहू अमेरिकेचे, मिक्सर इथला. आणि सांगलीच्या आमच्या जात्याला आता कोणी हात लावत नाही. तरी तू सांगलीचं म्हणतेस." मग जरा थांबून म्हणाली, "पण त्या हैतीच्या बाईला कोणी परत बोलावलं नाही, हे तुझं खरं आहे."

ऊन इमारतीच्या समोरच्या बाजूला आलं होतं. मी जुना फोटो हातात धरून जागा शोधली. दिव्याचा खांब बदललेला, फुटपाथ नवा, पण खिडक्यांची रांग जुळली. आत्या कोटाची बटणं लावून, हातात नेकोचं पाकीट घेऊन उभी राहिली. मी कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहिलं, तर ती चौकटीच्या मध्यावर नव्हतीच. डाव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी सोडून उभी होती.

"आत्या, जरा मध्ये सरक."

ती सरकली. मी पुन्हा डोळा लावेपर्यंत परत मूळच्या जागी. मी काही बोलले नाही. नातच पुढे झाली आणि त्या जागेत जाऊन उभी राहिली. आत्या म्हणाली, "अशी नाही. ते जरा तिरपे उभे राहायचे." नात तिरपी झाली. मी बटण दाबलं.

ह्या वेळी फोटो बाहेर आल्याबरोबर नातीनं तो तळहातानं झाकला आणि आत्यानं कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. आम्ही तिघी भिंतीच्या आडोशाला उभ्या राहिलो. आत्या मधूनमधून खिशावर हात ठेवून बघायची, पोळी झाली की नाही ते बघावं तसं. पंधरा मिनिटांनी फोटो काढला. रंग जरा पिवळसर, कडेला एक पुसट रेघ. पण आत्या दिसत होती, नात दिसत होती, मागच्या खिडक्या दिसत होत्या आणि हातातल्या पाकिटावरची अक्षरंसुद्धा.

आत्यानं पर्समधून पेन काढलं, फोटो पर्सवर टेकवला आणि खालच्या रुंद पट्टीवर हळूहळू लिहिलं. मग तो माझ्या वहीत ठेवायला दिला. आजीच्या पेटीत ठेवण्यासाठी.

‘केंब्रिज, ऑक्टोबर २०२२. ह्या वेळी पंधरा मिनिटं लागली.’